व्हायोलिनची तार आणि गळ्यातली तार

एप्रिल १८८४. न्यू यॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरा हाउसचा पहिलाच हंगाम संपला तेव्हा व्यवस्थापक हेन्री ॲबी पार तोट्यात गेला होता. त्याच्या मदतीसाठी झालेल्या जलशात पोलिश गायिका मार्सेला सेम्ब्रिख चक्क व्हायोलिन घेऊन उभी राहिली. पुढे तिने पियानोवर शोपँची माझुर्का (पोलिश नाचाच्या चालीवरची रचना) वाजवली, आणि शिवाय ती गायलीही.

ही नुसती हौस नव्हती. १८५८ साली गॅलिशियात, म्हणजे आजच्या युक्रेनमध्ये, जन्मलेली ही मुलगी मुळात वादकच. वडील व्हायोलिनवादक. लेम्बर्गच्या (आजचे ल्विव्ह) संगीतशाळेत ती पियानो आणि व्हायोलिन शिकली. तिचे वादन आणि गाणे दोन्ही ऐकून प्रसिद्ध पियानोवादक आणि संगीतकार फ्रान्झ लिस्टने तिला गाण्याकडे वळायला सांगितले, असे म्हणतात. १८७७ मध्ये अथेन्सला ती ऑपेराच्या रंगमंचावर आली.

वादकाच्या हातातले गळ्यात किती उतरते? कान तर नक्कीच उतरतो. व्हायोलिनला पडदे नसतात. बोट किंचित सरकले की सूर ढळतो, आणि वादक तो ऐकून तिथल्या तिथे सावरतो. सूर ऐकायचा, चूक ओळखायची, लगेच दुरुस्त करायची, हे चक्र गायकालाही तसेच लागते.

पण यंत्र मात्र वेगळे. व्हायोलिनच्या तारेचा कंप पावणारा भाग सुमारे ३३ सेंटिमीटरचा. बाईच्या गळ्यातले स्वरतंतू जेमतेम १ ते १.५ सेंटिमीटरचे. व्हायोलिनवर वरचा सूर हवा तर बोटाने तार आखूड करायची. गळ्यात उलटेच घडते: वरच्या सुराला स्वरतंतू ताणून लांब होतात. लांबीमुळे सूर खाली जायला हवा, पण ताण त्याहून कितीतरी वाढतो आणि सूर चढतो. सेम्ब्रिखने १९०० मध्ये मेट्रोपॉलिटनमध्ये मोझार्टच्या ‘जादूची बासरी’ या ऑपेरातली रात्रीची राणी ही भूमिका गायली. त्या भूमिकेतल्या सर्वांत वरच्या सुराला स्वरतंतू सेकंदाला सुमारे १४०० वेळा उघडतात आणि मिटतात.

दुसरा फरक मला जास्त गमतीचा वाटतो. व्हायोलिनची लाकडी पेटी एकदा घडली की घडली. तिचे अनुनाद, म्हणजे ज्या कंपनांना ती जास्त घुमते ती, ठरलेले. गायिकेची पेटी म्हणजे घसा आणि तोंड, आणि ती दर सुराला आकार बदलते. ‘ई’ म्हणताना तोंडातला पहिला अनुनाद साधारण ३०० हर्ट्झच्या (सेकंदाला ३०० कंपनांच्या) आसपास असतो. सूरच १००० हर्ट्झवर गेला तर त्याला तिथे आधार उरत नाही. म्हणून सोप्रानो (सर्वांत वरच्या पट्टीची गायिका) जबडा अधिकाधिक उघडत जाते आणि तो अनुनाद सुरापर्यंत वर आणून ठेवते. मायक्रोफोन नसताना अख्ख्या वाद्यवृंदावरून आवाज पलीकडे जातो, त्यात या युक्तीचा मोठा वाटा. किंमत शब्दांना मोजावी लागते: फार वर गेल्यावर ‘ई’ काय नि ‘ऊ’ काय, सगळे ‘आ’सारखे ऐकू येतात. ऑपेरातले शब्द कळत नाहीत ही तक्रार रास्त आहे, पण दोष दर वेळी गायिकेच्या उच्चारांचा नसतो.

राहिला स्पर्श. वादकाला बोट दिसते, गज दिसतो. स्वरतंतू दिसत नाहीत आणि हाताला लागत नाहीत. आतल्या संवेदनेवरच भिस्त. माँट्रियलच्या संशोधकांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात १७ शिकलेले गायक आणि १२ न शिकलेले लोक घेतले आणि त्यांचे स्वरतंतू औषधाने बधिर करून त्यांना गायला लावले. सूर दोन्ही गटांचे बिघडले, पण गायकांचे कमी. एक खूण हरवली तरी बाकीच्यांवर सूर तोलून धरणे त्यांना सरावाने जमले असावे. ही तयारी व्हायोलिनवर होत नाही. म्हणूनच इतके पक्के कान घेऊन आलेल्या सेम्ब्रिखलाही मिलानला जाऊन लाम्पेर्तींकडे गळ्याची तालीम घ्यावी लागली.