मेणकापडाची भोके उघडी, तरी पाणी बाहेर

फार घट्ट नसलेल्या विणीचा सुती कॅनव्हासचा कोट उजेडासमोर धरला, तर उभ्या-आडव्या धाग्यांच्या मधून असंख्य बारीक ठिपके चमकताना दिसतात. त्याच कोटाला घरी नीट मेण चढवून तो पुन्हा उजेडासमोर धरावा. त्यांतले बरेचसे ठिपके तेव्हाही दिसतात, आणि तरीही वरून ओतलेले पाणी कापडात न मुरता ओघळून जाते. मेणाने भोके बुजतात म्हणून पाणी अडते, ही सर्वसाधारण समजूत या साध्या निरीक्षणापुढे टिकत नाही. भोके बुजवणे हे मेणाचे दुय्यम काम आहे. मुख्य काम आहे ते धाग्याचे पाण्याशी असलेले नाते बदलण्याचे. मेण किती लावावे, उष्णता का द्यावी आणि असा कोट साबणाने का धुऊ नये, या सगळ्या प्रश्नांची उत्तरे याच एका गोष्टीतून निघतात.

कापूस म्हणजे जवळजवळ शुद्ध सेल्युलोज. त्याच्या लांबलचक रेणूंवर जागोजागी हायड्रॉक्सिल गट असतात आणि ते पाण्याच्या रेणूंशी हायड्रोजन बंध जोडतात. त्यामुळे कोऱ्या, स्वच्छ सुती धाग्यावर पडलेले पाणी पसरते आणि तंतूंमधल्या फटींत केशाकर्षणाने ओढले जाते. पाण्याला कापडात ढकलावे लागत नाही. कापडच त्याला आत घेते. पॅराफिन मेणाची गोष्ट नेमकी उलटी आहे. ते साधारण २० ते ४० कार्बन अणूंच्या सरळ साखळ्यांचे बनलेले असते आणि त्या साखळ्यांना पाण्याशी बंध जोडायला काहीच जागा नसते. मेणाच्या सपाट पृष्ठावर पाण्याचा थेंब पसरत नाही, गोळा होऊन बसतो, आणि पृष्ठाशी त्याचा स्पर्शकोन, म्हणजे थेंबाची कड जिथे पृष्ठाला टेकते तिथे पाण्याच्या आतून मोजलेला कोन, सुमारे १०५ ते ११० अंश भरतो. स्पर्शकोनाची ही कल्पना थॉमस यंग यांनी १८०५ साली मांडली. तिच्यात ९० अंशांची सीमा कळीची आहे: कोन त्याहून कमी असेल तर फट पाणी ओढून घेते, जास्त असेल तर पाण्याला बाहेर लोटते.

अळवाच्या पानावर हा कोन १५० अंशांच्याही वर जातो, पण तेथे मेणाच्या जोडीला पानाच्या पृष्ठावरची सूक्ष्म खडबडीत रचनाही काम करत असते. घरी लावलेल्या मेणाकडून तितकी अपेक्षा धरू नये.

बाहेर लोटण्याची ही ताकद किती, याचा हिशेब कागदावर करता येतो. पाण्याचा पृष्ठताण, म्हणजे त्याच्या पृष्ठाची आकसून राहण्याची ओढ, दर मीटरला सुमारे ०.०७२ न्यूटन आहे. धाग्यांमधली फट ०.१ मिलिमीटर व्यासाची गोल आहे आणि तिच्या कडांना मेणाचा पातळ थर आहे असे धरले, तर तिच्यातून पाणी आत घुसवायला सुमारे ९ सेंटिमीटर उंचीच्या पाण्याच्या स्तंभाइतका दाब लागतो. फट त्याच्या एकपंचमांश केली, तर हाच दाब पाचपट होऊन ४५ सेंटिमीटरवर जातो. येथे मेणाचे दुय्यम काम उपयोगी पडते, कारण भोक पूर्ण बुजले नाही तरी नुसते अरुंद झाल्याने अडथळा वाढतो. पावसाचा मोठा थेंब सेकंदाला सुमारे ९ मीटर वेगाने येतो आणि त्याच्या धडकेचा दाब हिशेबाने ४ मीटरच्या स्तंभाइतका भरतो. मात्र ती धडक सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आत संपते. पिशवीच्या पट्ट्याचा दाब तसा क्षणात संपत नाही. म्हणूनच मेण लावलेला कोट पाठीवर कोरडा राहतो आणि खांद्यावर, कोपरात किंवा ओल्या जागी बसल्यावर मागच्या बाजूने झिरपतो. ‘मेण चांगले बसले नाही’ असा दोष लोक अशा वेळी स्वतःला देतात, पण तो बहुधा दाबाचा दोष असतो.

आता मेणाची निवड. नुसते पॅराफिन स्वस्त आणि स्वच्छ असते, परंतु त्याचे स्फटिक ठिसूळ असतात. थंडीत घडी पडली की थर तडकतो आणि तेथे प्रकाश विखुरल्यामुळे पांढरी रेघ उमटते. मधमाश्यांचे मेण हे मुख्यतः एस्टर, त्यांच्या जोडीला मेदाम्ले आणि हायड्रोकार्बन यांचे मिश्रण असते. इतक्या प्रकारचे रेणू एकत्र असल्याने त्याचे मोठे स्फटिक सहजी बनत नाहीत, ते वाकते आणि धाग्याला चिकटून राहते. ते ६२ ते ६४ अंश सेल्सिअसला वितळते. दोन भाग पॅराफिन आणि एक भाग मधमाश्यांचे मेण हे प्रमाण सुरुवातीला समाधानकारक ठरते. थंड हवेसाठी मधमाश्यांच्या मेणाचा वाटा वाढवावा, कडक उन्हासाठी जास्त द्रवणांकाचे पॅराफिन घ्यावे. मेण नेहमी गरम पाण्याच्या भांड्यात दुसरे भांडे ठेवूनच वितळवावे, म्हणजे तापमान १०० अंशांपुढे जात नाही. जवसाचे तेल मात्र मिश्रणात घालू नये, असे माझे मत आहे. पूर्वी खलाशांचे तेलकट कपडे याच तेलाने तयार होत, पण ते हवेतला ऑक्सिजन घेऊन कडक आणि पिवळे होते, आणि त्याने भिजलेल्या चिंध्या गोळा करून ठेवल्या तर त्या आपोआप पेटू शकतात.

वितळलेले मिश्रण साच्यात ओतून त्याची वडी करावी. कोट आधी धुऊन, साबणाचा अंशही न ठेवता खळबळून पूर्ण वाळवावा, कारण ओल्या धाग्यात मेण शिरत नाही. मग वडी कापडावर खडूसारखी घासावी. एवढ्याने मेण फक्त धाग्यांच्या माथ्यांवर बसते आणि कापड पांढुरके, मेणचट दिसते. खरे काम पुढे, हेअर ड्रायरच्या उष्णतेने होते. वितळलेल्या मेणाचा पृष्ठताण पाण्याच्या जेमतेम तिसऱ्या हिश्शाइतका असल्यामुळे ते सेल्युलोजवर सहज पसरते आणि तंतूंमधल्या ज्या फटी एरवी पाणी ओढतात, त्याच फटी आता मेण ओढून घेतात. पांढुरकेपणा जाऊन कापडाचा रंग गडद झाला, की मेण आत गेले असे समजावे. पहिल्यांदा हे करणारा जवळजवळ प्रत्येकजण गरजेपेक्षा जास्त मेण लावतो. पृष्ठाला जलविरोधी करायला अत्यंत पातळ थर पुरतो. जाड थर फक्त वजन वाढवतो, कोट ताठ करतो, बसाल तेथे डाग पाडतो आणि घामाची वाफ बाहेर जाण्याची उरलीसुरली वाटही बंद करतो.

एक धोका नीट समजून घ्यायला हवा. मेणात भिजलेला सुती धागा म्हणजे दुसरे तिसरे काही नसून मेणबत्तीची वात असते. ६ जुलै १९४४ रोजी अमेरिकेतील हार्टफर्ड शहरात सर्कशीच्या तंबूला आग लागली आणि १६७ माणसे मृत्युमुखी पडली. तो तंबू पेट्रोलमध्ये विरघळवलेल्या पॅराफिनने जलरोधक केलेला होता. तेव्हा मेण लावलेला कोट घालून शेकोटीजवळ बसू नये, आणि मेण पातळ करण्यासाठी पेट्रोल किंवा टर्पेंटाइन वापरण्याचा सल्ला कोणी दिला तर तो ऐकू नये.

अशा कोटाचा घरातला मोठा शत्रू साबण आहे. तो पाण्याचा पृष्ठताण निम्म्याहून खाली आणतो, आणि असे पाणी मेणावरही पसरते. शिवाय धुण्यानंतर धाग्यांवर राहिलेला साबणाचा अंश पुढच्या पावसातही तेच काम करतो. म्हणून चिखल वाळू द्यावा, ब्रशने झाडावा आणि उरलेला डाग थंड पाण्यात भिजवलेल्या फडक्याने पुसावा.

राहता राहिली शिवण. सुईच्या भोकाची रुंदी विणीतल्या फटीपेक्षा बरीच जास्त असते, आणि वरच्या हिशेबाप्रमाणे मोठे भोक आधी हार मानते. येथे कापसाचा मूळचा दुर्गुण कामी येतो. भिजलेला सुती तंतू लांबीला फारसा वाढत नाही, पण जाडीला फुगतो. दुसऱ्या महायुद्धात समुद्रात पडणाऱ्या ब्रिटिश वैमानिकांसाठी मँचेस्टरच्या शर्ली इन्स्टिट्यूटने जे अतिघट्ट विणीचे सुती कापड तयार केले, त्याचा आधार हाच फुगण्याचा गुण होता. कोट उसवला असेल तर तो पॉलिएस्टरऐवजी सुती दोऱ्यानेच शिवावा आणि शिवणीवर आतून मेणाचा एक जादा हात द्यावा. मेण चुकवून थोडे पाणी भोकापर्यंत पोचलेच, तर दोरा फुगून ते भोक स्वतःच आवळतो.