सर्रा परजीवी (ट्रिपॅनोसोमा इव्हान्साय)

घोडा, उंट, कुत्रा, म्हैस आणि गाय यांच्या रक्तद्रवात पोहणारा एकपेशीय परजीवी. त्याने होणारा जनावरांचा रोग म्हणजे सर्रा. ग्रिफिथ इव्हान्स यांनी १८८० मध्ये डेरा इस्माईल खान (आता पाकिस्तानात) येथे आजारी घोड्या-उंटांच्या रक्तात तो पाहिला. रोगकारक म्हणून ओळखला गेलेला हा पहिला ट्रिपॅनोसोम (या गटातील परजीवी). आफ्रिकेतील निद्रारोगाच्या ट्रिपॅनोसोमा ब्रुसीआयचा तो इतका जवळचा आहे की काही अभ्यासक त्याला वेगळी जातच मानत नाहीत. निद्रारोग पसरायला रक्त पिणारी त्सेत्से माशी लागते आणि ती आफ्रिकेबाहेर नाही. तरीही परभणी-नांदेडच्या गोठ्यांत हा परजीवी आहे, कारण त्याला त्सेत्से लागत नाही; तिच्याबरोबर त्याने आपल्या पेशीतली एक वस्तूही टाकून दिली.

ती वस्तू म्हणजे कायनेटोप्लास्ट. पेशीत एकच लांबलचक मायटोकॉन्ड्रिया असते आणि कशाभिकेच्या (पोहण्याच्या शेपटीच्या) बुडाशी तिच्या डीएनएची गाठ. ब्रुसीआयमध्ये ही गाठ काही डझन मोठी आणि हजारो लहान वर्तुळे एकमेकांत अडकून झालेली असते, चिलखताच्या कड्यांसारखी. श्वसनसाखळीच्या (ऊर्जा बनवणाऱ्या यंत्रणेच्या) प्रथिनांची जनुके मोठ्या वर्तुळांवर, पण त्यांचा मजकूर अपुरा. लहान वर्तुळांवरून निघणारे मार्गदर्शक आरएनए त्यात यू अक्षरे घालून किंवा काढून तो वाचनीय करतात (हे संपादन १९८६ मध्ये उघड झाले). इव्हान्सायची मोठी वर्तुळे गेलेली आहेत, काही वाणांत लहानही उरलेली नाहीत. त्सेत्सेच्या पोटात प्रोलिन या अमिनो आम्लावर गुजराण करायची तर श्वसनसाखळी हवी, म्हणून ती वाट बंद. एरवी रक्तातही ही गाठ गेली की पेशी मरते, कारण एटीपी सिंथेज या विकराच्या एका भागाचे जनुक मोठ्या वर्तुळावर असते. इव्हान्सायच्या केंद्रकातील, याच सिंथेजच्या गॅमा उपघटकाच्या जनुकात झालेल्या बदलाने ही गरजच संपवली.

आता कुठलीही चावरी माशी चालते. टॅबॅनस ही मोठी गोमाशी चावताना दुखते, जनावर शेपटी मारते, माशी उठते आणि शेजारच्या जनावरावर बसून जेवण पुरे करते. तिच्या सोंडेवर उरलेले काही नॅनोलिटर रक्त पुरेसे ठरते. परजीवी तिथे वाढत नाही, साधारण अर्ध्या तासात निकामी होतो. म्हणून आजारी जनावर दावणीतून काढून किमान ५०, जमल्यास २०० मीटर लांब बांधण्याला अर्थ आहे. लसीकरणात सगळ्या गोठ्याला एकच सुई वापरणारा माणूस माशीचेच काम करतो. कुत्र्याला मेलेल्या जनावराचे ताजे रक्त-मांस खाऊनही लागण होते.

पेशीवर व्हीएसजी या प्रथिनाच्या सुमारे एक कोटी रेणूंचा दाट थर असतो. या प्रथिनाची दोन हजारांवर जनुके आणि जनुकांचे अवशेष जीनोममध्ये पडून असतात, एका वेळी वाचले जाते एकच. जनावराची प्रतिपिंडे तयार होईतो काही पेशींनी थर बदललेला असतो. जुन्या थराच्या मरतात, नव्या वाढतात. ताप चार दिवस येऊन उतरतो आणि पुन्हा चढतो तो याच कारणाने, आणि लस न होण्याचे कारणही हेच. शिवाय थोडी प्रतिपिंडे चिकटली तर पोहण्याच्या ओघात ती मागच्या टोकाकडे ढकलली जातात आणि कशाभिकेच्या खिशातून पेशी ती गिळून टाकते.

ऊर्जा सगळी ग्लुकोजवर. ग्लायकोलिसिसचे (साखर फोडण्याचे) पहिले टप्पे ग्लायकोसोम नावाच्या पिशव्यांत होतात आणि उरलेले पायरुवेट तसेच बाहेर टाकले जाते. एवढी उधळपट्टी परवडते कारण रक्तात साखर आयती मिळते. परजीवींची गर्दी झाली की जनावराची साखर उतरते. खुंट्याभोवती गोल फिरणारा, भिंतीला डोके लावून उभा राहणारा बैल डेक्स्ट्रोज दिल्यावर सावरतो, पण तेवढ्यावर थांबू नये. पिसाळणे, फाशी (अँथ्रॅक्स) आणि गोचिडांतून होणारा थायलेरिओसिस यांच्याशी गल्लत होते.

रक्त ताप असतानाच, कानाच्या शिरेतून घ्यावे. काचेवर थेंब, वर कव्हरस्लिप, सूक्ष्मदर्शकाखाली ४०० पट. आधी परजीवी दिसत नाही, तांबड्या पेशींचा एखादा घोळका थरथरताना दिसतो. तिथे नजर रोखली की वळवळणारा धागा सापडतो. रंगवलेल्या काचेवर (मिथेनॉल ३ मिनिटे, १० टक्के गिम्सा रंग ३० मिनिटे) तो सुमारे २४ मायक्रोमीटर लांब, म्हणजे गाईच्या चार तांबड्या पेशी ओळीने ठेवाव्यात एवढा. मिलिलिटरमध्ये लाखाच्या आसपास परजीवी नसतील तर ओली काच कोरीच निघते. तेव्हा केशनळीत ७० मायक्रोलिटर रक्त मिनिटाला १२,००० फेऱ्यांवर ५ मिनिटे फिरवून पांढऱ्या थराची वरची कड पाहावी, किंवा पीसीआर करावे. उन्हात दोन-तीन तास राहिलेल्या नमुन्यात हालचाल थांबते. म्हैस तर वरून धडधाकट दिसून परजीवी बाळगते. अशी जनावरे माळेगावच्या यात्रेसारख्या ठिकाणी घोड्या-उंटांजवळ बांधली जातात, आणि घोड्यात तोच रोग जीवघेणा ठरतो.

औषधांत क्विनापायरामिन सल्फेट किलोला ३ ते ५ मिलिग्रॅम, त्वचेखाली. घोड्यात सूज येते, म्हणून मात्रा दोन-तीन जागी विभागावी. लाळ, घाम, कंप आले तर जनावर सावलीत स्वस्थ ठेवावे. सल्फेट-क्लोराइड मिश्रणातील क्लोराइड हळू विरघळून काही काळ संरक्षण देते. डिमिनाझीन किलोला ७ मिलिग्रॅम, स्नायूत. घोडा, उंट आणि कुत्र्याला ते झेपत नाही. ते पेशीत शिरते अॅडेनोसिन ओढणाऱ्या पी२ वाहकातून, त्याचे जनुक बिघडले की औषध बाहेरच राहते. आयसोमेटामिडियमचे लक्ष्य कायनेटोप्लास्ट, त्यामुळे गॅमा उपघटक बदललेल्या वाणांना ते कमी बाधते. वजन नजरेने ठरवून कमी मात्रा देणे ही नेहमीची चूक. मेंदूत दडलेल्या परजीवींपर्यंत मात्र पुरेशी मात्राही पोचत नाही, आणि रोग उलटतो.

माणसाच्या रक्तातील एपोएल१ हे प्रथिन इव्हान्सायला फोडून मारते. २००४ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातील एका शेतकऱ्याला तरीही लागण झाली. या प्रथिनाच्या त्याच्या दोन्ही जनुकप्रतींत बिघाड आढळला. सुरामिन या औषधाने तो बरा झाला. व्हिएतनाममधील नंतरच्या एका रुग्णात मात्र हे जनुक शाबूत होते.