तेल पातळ, मग सिंक का तुंबतं?

सिंकमधून पाणी हळू उतरायला लागलं की हल्ली पहिला उपाय मोबाइलवर सापडतो. जाळीवर दोन चमचे खाण्याचा सोडा टाका, वरून व्हिनेगर ओता. भसाभसा फेस येतो आणि व्हिडिओत पुढच्याच क्षणी पाणी सुळकन निघून जातं. हा उपाय इतक्या घरांत पोचला आहे की त्यामागचं रसायनशास्त्र एकदा नीट मांडायलाच हवं.

सोडा सौम्य अल्कली, व्हिनेगर सौम्य आम्ल. दोन्ही एकत्र आले की एकमेकांना निष्प्रभ करतात. उरतं ते सोडियम अ‍ॅसिटेट नावाचा क्षार मिसळलेलं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड. १५ ग्रॅम सोड्याला पुरेसं व्हिनेगर मिळालं तर सुमारे साडेचार लिटर वायू सुटतो. पण सिंकचं तोंड उघडं असतं, त्यामुळे तो सरळ वर येऊन हवेत जातो आणि पाइपात दाब तयार होत नाही. हा फेस साबणाचा नाही, त्याने तेलकटपणा निघत नाही. व्हिडिओतलं सिंक मुळात फारसं तुंबलेलंच नसतं.

आता पाइपात नेमकं काय साचतं ते पाहू, कारण खरी गंमत तिथेच आहे.

सिंकखालचा बॉटल ट्रॅप (पाणी धरून ठेवणारी बाटलीसारखी वाटी) उघडलात तर वाटीच्या तळाशी भाताची शितं, चहाचा चोथा, कोथिंबिरीच्या काड्या असं खरकटं मिळेल. ते पाण्याने निघून जातं. पण वाटीच्या कडेला आणि पुढच्या पाइपात राखाडी-पांढरा थर असतो. तो नखाने खरवडावा लागतो, चिमटीत धरला की तुपासारखा वितळत नाही, त्याचे खडे पडतात. खडा उकळत्या पाण्यात टाकला तरी तो मऊ पडेल, विरघळणार नाही.

वनस्पती तूप ३१ ते ४१ अंश सेल्सिअसच्या दरम्यान वितळतं, त्यामुळे ते पाइपात गोठणं समजू शकतो. पण आपण शेंगदाण्याचं किंवा सूर्यफुलाचं तेल वापरतो. ते पुण्याच्या डिसेंबरातही पातळच राहतं. मग हा घट्ट थर आला कुठून?

तेलाचा रेणू म्हणजे ग्लिसरॉलच्या कण्याला जोडलेली तीन मेदाम्लं. कढईत वडा सोडला की वड्यातलं पाणी तापलेल्या तेलात शिरतं आणि हे जोड तोडायला लागतं. सुटी मेदाम्लं तयार होतात. तळणीचं तेल जितकं जास्त वेळा तापवाल तितकी ती वाढतात. उरलेलं काम पाइपात होतं. आतल्या बुळबुळीत थरातले जिवाणू लायपेज नावाचं विकर सोडतात आणि तेलाचे आणखी रेणू फोडतात.

या सुट्या मेदाम्लांना पाण्यातलं कॅल्शियम भेटतं. कॅल्शियमच्या एका आयनावर दोन धनभार, म्हणून तो दोन मेदाम्लांना एकत्र बांधतो. तयार होतो कॅल्शियमचा साबण. आपला अंगाचा साबण सोडियमचा, म्हणून पाण्यात विरघळतो. कॅल्शियमचा विरघळत नाही. बोअरच्या पाण्यात साबणाला फेस न येता बादलीच्या कडेला पांढरा साका धरतो ना, अगदी तोच हा पदार्थ! शाळेत ‘दुष्फेन पाणी’ म्हणून जे शिकलो, ते सिंकखाली घडत असतं.

थोडं गणित करू. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात (आयएस १०५००) कठीणतेची, म्हणजेच दुष्फेनपणाची, स्वीकारार्ह मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम (कॅल्शियम कार्बोनेटच्या रूपात मोजलेली) आहे, आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत मुभा आहे. ही सगळी कठीणता कॅल्शियमची धरली, तर २०० मिलिग्रॅम म्हणजे २ मिलिमोल (मिलिमोल हे कणांची संख्या मोजायचं एकक). ते ४ मिलिमोल मेदाम्लं बांधणार. ओलेइक आम्ल या तेलातल्या नेहमीच्या मेदाम्लाचा रेणुभार २८२, म्हणजे एक लिटर पाणी साधारण १.१ ग्रॅम मेदाम्लाचा साका करू शकतं. मर्यादेच्या आतलं पाणी असूनही! दख्खनच्या बोअरवेलचं पाणी पुष्कळदा याहून जड असतं.

अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना स्टेट विद्यापीठातल्या संशोधकांनी गटारांतल्या चरबीच्या गोळ्यांचं पृथक्करण केलं तेव्हा त्यांनाही हाच कॅल्शियमचा साबण सापडला. २०१७ मध्ये लंडनच्या व्हाइटचॅपल भागात गटारात सापडलेला गोळा अडीचशे मीटर लांब आणि १३० टन वजनाचा होता.

हे समजलं की उपायांची पारख करता येते. उकळतं पाणी तूप वितळवतं, पण कॅल्शियम स्टिअरेट (असाच एक कॅल्शियमचा साबण) दीडशे अंशांच्याही पुढे वितळतं. शिवाय पीव्हीसीचा पाइप ८० अंशांच्या आसपास मऊ पडतो. कॉस्टिक सोडा ताज्या चरबीचा विरघळणारा साबण करतो, हे खरं. जुन्या साक्यावर मात्र त्याचा इलाज चालत नाही. वर, १०० ग्रॅम कॉस्टिक विरघळताना इतकी उष्णता सुटते की ट्रॅपमधलं कपभर पाणी उकळून अंगावर उडू शकतं. त्यावर संडास साफ करायचं आम्ल तर कधीही ओतू नका. आणि ते आम्ल ब्लीचमध्ये मिसळलं तर विषारी क्लोरीन सुटतो.

सिंक तुंबलं की लक्ष्मी अडते, त्याची दिशा बदला, असं सांगून पैसे घेणारे वास्तुतज्ज्ञही आहेत. पाइपाला उतार लागतो, साधारण चाळीस इंचांना एक इंच. दिशेशी त्याचा काही संबंध नाही.

हा थर खरवडूनच काढावा लागतो. ट्रॅपखाली बादली ठेवा, वाटी हाताने फिरवून काढा, आतली रबरी रिंग जपून ठेवा. वाटी आणि नळी जुन्या ब्रशने घासा. पुढच्या पाइपात तारेची स्प्रिंग फिरवत घाला. रबरी पंप वापरणार असाल तर आधी ट्रॅप परत बसवा, सिंकमध्ये चार बोटं पाणी ठेवा आणि वरचं ओव्हरफ्लोचं भोक ओल्या फडक्याने घट्ट बंद करा. पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे हाताचा जोर थेट अडथळ्यापर्यंत पोचतो.

थोडासाच थर निघाला तरी फरक मोठा पडतो. भरून वाहणाऱ्या पाइपात प्रवाह व्यासाच्या साधारण २.७ व्या घाताने बदलतो. ४० मिलिमीटरच्या पाइपात सगळीकडून ५ मिलिमीटर थर धरला तर व्यास ३० होतो आणि प्रवाह निम्म्याहूनही खाली येतो.

कढई घासण्याआधी कागदाने पुसून घेतली तर मेदाम्लं पाइपात बरीच कमी जातात. तळणीचं उरलेलं तेल बाटलीत साठवा. अशा तेलाचं बायोडिझेल करण्यासाठी एफएसएसएआयने (देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने) २०१८ पासून ‘रुको’ हा उपक्रम चालवला आहे.

ट्रॅप स्वच्छ असूनही पाणी तुंबत असेल आणि खालच्या मजल्यावरही तीच तक्रार असेल, तर अडथळा इमारतीच्या उभ्या पाइपात किंवा चेंबरमध्ये आहे. ते काम सोसायटीचं.