माल्टा : बेट, गावे आणि उत्सव

माल्टा हा भूमध्य समुद्राच्या मध्यावर, इटलीच्या सिसिली बेटापासून दक्षिणेला सुमारे ९० किमी अंतरावर असलेला द्वीपदेश. माल्टा, गोझो आणि कोमिनो ही त्यातली वस्तीची बेटे. एकूण क्षेत्रफळ ३१६ चौ. किमी, म्हणजे मुंबई शहर आणि उपनगर हे दोन जिल्हे एकत्र केले तर त्यांच्या निम्म्याहून किंचित जास्त. लोकसंख्या पाच लाखांच्या वर. नदी नाही, जंगल जवळजवळ नाही, डोंगर म्हणावा असा डोंगरही नाही. पाऊस वर्षाला साधारण ५५० मिमी आणि तोही बहुतेक ऑक्टोबर ते फेब्रुवारीत. उन्हाळ्यात चार-चार महिने आकाश कोरडे ठणठणीत असते. पिण्याचे निम्म्याहून अधिक पाणी समुद्राचे खारे पाणी गोडे करून मिळवले जाते. तरीही २०२३ मध्ये इथे ३० लाखांच्या आसपास पर्यटक आले. त्यातले बरेचसे ऊन आणि निळ्या पाण्यासाठी येतात आणि गावे न बघताच परततात. खरे तर समुद्रकिनारे इथे थोडे आणि बरेचसे खडकाळ आहेत. पाहण्यासारखे जे आहे ते गावांतच.

निसर्गाने या बेटाला एकच मोठी देणगी दिली, ती म्हणजे पूर्व किनाऱ्यावरचे खोल, वळणदार आणि वाऱ्यापासून सुरक्षित असे मोठे बंदर. फिनिशियन, कार्थेजवाले, रोमन, अरब, नॉर्मन, सेंट जॉन संघाचे नाइट (ख्रिस्ती धर्मयोद्धे), नेपोलियन आणि शेवटी इंग्रज हे सारे या बंदरापायी आले. १५३० मध्ये सम्राट पाचव्या चार्ल्सने ही बेटे नाइटांना दिली आणि मोबदला ठरवला वर्षाला एक ससाणा. सौदा स्वस्त वाटतो, पण जबाबदारी महाग होती. १५६५ च्या मे महिन्यात ऑटोमन तुर्कांच्या आरमाराने बेटाला वेढा घातला. सेंट एल्मो किल्ला पडला, तरी बंदरापलीकडची बिर्गू आणि सेंग्लिया ही ठाणी टिकली आणि ८ सप्टेंबरला वेढा उठला. ती तारीख आजही राष्ट्रीय सुट्टीची आहे आणि त्या दिवशी बंदरात गावागावांच्या वल्ह्यांच्या होड्यांच्या शर्यती लागतात.

वेढ्यानंतर नाइटांचा प्रमुख (ग्रँड मास्टर) जाँ द ला व्हॅलेटने बंदरावरच्या उघड्या टेकाडावर नवी राजधानी वसवली. २८ मार्च १५६६ रोजी पायाभरणी झाली आणि गावाला त्याचेच नाव पडले, व्हॅलेटा. आखणी इटालियन अभियंता फ्रांचेस्को लापारेल्लीची आणि पुढचे बरेचसे बांधकाम स्थानिक वास्तुकार जिरोलामो कासार याचे. रस्ते पट्टीने आखल्यासारखे सरळ आणि एकमेकांना काटकोनात छेदणारे. त्यामुळे समुद्रावरचा वारा गावभर खेळतो. प्रत्येक घराखाली पावसाच्या पाण्याचे टाके असलेच पाहिजे असा नियम होता. पुन्हा वेढा पडला तर तहानेने शरण जायची वेळ येऊ नये, हा त्यामागचा हिशेब. घरे मधाच्या रंगाच्या चुनखडकाची. हा दगड खाणीतून निघतो तेव्हा करवतीने कापता येईल इतका मऊ असतो आणि हवेत राहून वरून टणक होतो, म्हणूनच साध्या घराच्या चौकटीवरही नक्षी दिसते. दर्शनी भिंतीवर हिरव्या, लाल, निळ्या रंगाचे बंदिस्त लाकडी सज्जे असतात. घरातल्या बाईने रस्ता बघावा, पण रस्त्याला ती दिसू नये, अशी त्यांची सोय.

सेंट जॉनचे कॅथेड्रल बाहेरून एखाद्या कोठारासारखे ओबडधोबड आहे. आत पाऊल टाकले की सोन्याचा मुलामा दिलेल्या भिंती, मात्तिया प्रेतीने रंगवलेले छत आणि पायाखाली नाइटांच्या सुमारे चारशे थडग्यांच्या रंगीत संगमरवरी फरशा. फरशांवर कवट्या, सांगाडे, वाळूची घड्याळे आणि कुळांची चिन्हे जडवलेली आहेत. त्यांना टवके जाऊ नयेत म्हणून टोकदार टाचांची पादत्राणे घालून आत सोडत नाहीत. बाजूच्या प्रार्थनागृहात इटालियन चित्रकार कॅराव्हाज्योने १६०८ मध्ये काढलेले संत योहानाच्या (म्हणजेच सेंट जॉनच्या) शिरच्छेदाचे भव्य चित्र आहे. त्याने सही केलेले हे एकमेव ज्ञात चित्र. सही आहे ती योहानाच्या गळ्यातून सांडलेल्या रक्तात. त्याच वर्षी तो भांडणापायी कैदेत पडला, पळाला आणि संघातून त्याला काढून टाकण्याचा विधी याच चित्रासमोर पार पडला. घाईचा प्रवासी व्हॅलेटाला अर्धा दिवस देतो. त्यातले दोन तास तरी या एका इमारतीला द्यावेत.

नगरद्वारातून आत शिरताना डाव्या हाताला तटावर हेस्टिंग्ज बाग आहे. मराठी माणसाने तिथे जरूर थांबावे. तिथे पुरलेला मार्क्वेस ऑफ हेस्टिंग्ज हा १८१३ ते १८२३ या काळात हिंदुस्थानचा गव्हर्नर जनरल होता. १८१७-१८ चे तिसरे इंग्रज-मराठा युद्ध त्याच्याच कारकिर्दीत झाले आणि पेशवाई बुडाली. पुढे १८२४ मध्ये तो माल्टाचा गव्हर्नर झाला आणि १८२६ मध्ये नेपल्सजवळ जहाजावर वारला. त्याच्या इच्छेनुसार उजवा हात कापून स्कॉटलंडला नेऊन जपण्यात आला आणि पुढे पत्नीच्या दफनात तिच्याबरोबर ठेवला गेला. बाकी देह या तटावर आहे. बागेत बाकांवर म्हातारी मंडळी गप्पा मारत बसलेली असतात आणि पर्यटक बहुतेक समोरच्या दृश्याचे फोटो काढून निघून जातात.

बंदरापलीकडे बिर्गू, सेंग्लिया आणि बोर्मला ही तीन गावे. व्हॅलेटाच्या पायथ्याहून छोट्या रंगीत नावेने पलीकडे जाता येते. इथे गर्दी कमी, बोळ अरुंद आणि वेढ्याच्या खुणा अधिक खऱ्या. दुसऱ्या महायुद्धात गोदी याच बाजूला असल्यामुळे जर्मन आणि इटालियन विमानांच्या बॉम्बफेकीचा मोठा मार या गावांनी सोसला. लोकांच्या धैर्याबद्दल राजा सहाव्या जॉर्जने १५ एप्रिल १९४२ रोजी सबंध बेटाला जॉर्ज क्रॉस हा शौर्यसन्मान दिला, तो आजही राष्ट्रध्वजाच्या कोपऱ्यात आहे. त्याच्या थोडे आधी, ९ एप्रिलला, मोस्ता गावच्या घुमटाच्या चर्चमध्ये प्रार्थना चालू असताना छत फोडून बॉम्ब आत पडला आणि फुटलाच नाही. त्याच्या प्रतिकृतीपुढे आजही रांग असते.

बेटाच्या मधल्या टेकडीवरचे एमदीना ही जुनी राजधानी. तटाच्या आत जेमतेम काहीशे लोक राहतात आणि मोटारींना मर्यादित परवानगी आहे. १६९३ च्या भूकंपानंतर बरेचसे नव्याने बांधले गेले. दुपारी सहलीच्या बसेस येतात तेव्हा ‘निःशब्द नगरी’ हे बिरूद थट्टेचे वाटते. संध्याकाळी सातनंतर जावे.

या साऱ्याहून कितीतरी जुनी आहेत ती महापाषाणी मंदिरे. गोझोवरचे जगान्तिया इ.स.पू. ३६०० च्या सुमाराचे, म्हणजे गीझाच्या पिरॅमिडच्या हजार वर्षे आधीचे. हजर ईम आणि इमनायद्रा ही समुद्रासमोरची मंदिरे आता तंबूसारख्या छताखाली आहेत. १९०२ मध्ये घराचे काम चालू असताना सापडलेले हाल साफ्लियेनी हे भुयारी दफनस्थान सर्वांत विलक्षण, पण तिथे श्वासांमुळेही भिंतींवरचा गेरूचा रंग बिघडतो म्हणून रोज मोजक्याच लोकांना सोडतात. तिकिटे काही आठवडे, कधी काही महिने आधी काढावी लागतात. विमानाच्या तिकिटाबरोबरच हेही काढलेले बरे.

स्थानिक जीवनाचा गाभा म्हणजे ‘फेस्ता’, गावच्या संताचा वार्षिक उत्सव. मे ते सप्टेंबर दर शनिवारी-रविवारी कुठे ना कुठे तो असतोच. २०२३ मध्ये युनेस्कोने त्याला अमूर्त वारशाच्या यादीत घेतले. चर्चच्या भिंती आतून लाल रेशमी वस्त्रांनी मढवतात, बाहेरून दिव्यांच्या माळा लागतात, रस्त्यात दोन्ही बाजूंना लाकडी चौथऱ्यांवर संतांचे पुतळे उभे राहतात. शेवटच्या संध्याकाळी मुख्य मूर्ती खांद्यांवरून निघते. बँड वाजत असतो, सज्ज्यांतून कागदाच्या कपट्यांचा पाऊस पडतो आणि कोपऱ्यावर गाड्यांवर बदाम-तीळ घातलेला कडक हलवा तोडून विकतात. मूर्ती उचलणाऱ्यांच्या जागा ठरलेल्या असतात आणि अनेकदा बापाकडून मुलाकडे येतात.

उत्सवाचा गाडा ओढतात ते बँड क्लब. एकेका गावात दोन-दोन क्लब असतात आणि त्यांची चुरस पिढीजात. कोणाची आतषबाजी सरस, कोणाचा झेंडा उंच, कोणाची वाद्यवृंद-फेरी लांब, यावरून वर्षभर बोलणे चालते. दारूकाम गावाबाहेरच्या छोट्या कारखान्यांत हौशी माणसे स्वतः करतात. आकाशातल्या फुलांपेक्षाही बघावी ती जमिनीवरची, खांबांवर फिरणारी चक्रे. हा शौक धोक्याचाही आहे. या कारखान्यांत स्फोट होऊन माणसे गेलेली आहेत. क्लबच्या इमारतीत खालच्या मजल्यावर बहुधा उपाहारगृह असते, तिथे कोणीही चहा पिऊ शकतो. गाव समजून घ्यायला याहून चांगली जागा नाही.

१५ ऑगस्टला मेरीच्या स्वर्गारोहणाचा सण अनेक गावे एकदम साजरी करतात. त्याच तारखेला १९४२ मध्ये ‘ओहायो’ हे मोडकळलेले तेलवाहू जहाज दोन युद्धनौकांच्या आधाराने बंदरात शिरले होते आणि उपासमारीच्या कडेला आलेले बेट वाचले. त्यामुळे ते ज्या जहाजांच्या काफिल्यात होते त्यालाही लोक मेरीचेच नाव देतात. उकाडा नको असेल त्याने १० फेब्रुवारीला व्हॅलेटात यावे. संत पॉलचे जहाज इथे फुटले, त्याची आठवण त्या दिवशी होते आणि मिरवणूक थंडीत निघते.

मार्साश्लोक हे दक्षिणेकडचे कोळ्यांचे गाव. पिवळ्या, निळ्या, लाल, हिरव्या पट्ट्यांच्या होड्या आणि नाळेच्या दोन्ही बाजूंना रंगवलेले किंवा कोरलेले डोळे, दृष्ट लागू नये म्हणून. ऑगस्टअखेरीपासून हिवाळ्याच्या तोंडापर्यंत ‘लाम्पूकी’ माशाचा हंगाम. कोळी ताडाच्या झावळ्या बांधलेले तराफे समुद्रात सोडतात, मासा सावलीला येतो आणि जाळ्यात सापडतो. रविवारच्या बाजारात मासळीपेक्षा आता आठवणवस्तूच जास्त दिसतात. सकाळी लवकर गेले तर मासळी दिसेल. खाण्यात सशाचा रस्सा हा राष्ट्रीय पदार्थ, तर रस्त्यावरचा पदार्थ ‘पास्तित्सी’, रिकोटा चीज किंवा वाटाणा भरलेली पापुद्र्यांची करंजी. पक्क्या शाकाहाऱ्याने पिठात चरबी आहे का हे विचारून घ्यावे.

गोझोला जहाजाने २५ मिनिटे लागतात. १५५१ मध्ये ऑटोमन हल्ल्यात इथले जवळजवळ सगळे, सुमारे पाच हजार लोक गुलाम म्हणून नेले गेले. नंतर बराच काळ लोकांना रात्री गडावर मुक्कामाला यावे लागे. तो गड आज व्हिक्टोरिया गावावर उभा आहे. जुन्या छायाचित्रांतली समुद्रातली दगडी कमान मात्र शोधू नये, ती ८ मार्च २०१७ च्या वादळात कोसळली. शेंगदाण्याएवढ्या कोमिनोचा ‘ब्लू लगून’ हा उथळ निळ्या पाण्याचा किनारा उन्हाळ्यात इतका गजबजतो की तो टाळला तरी फारसे नुकसान नाही.

भारताशी या बेटाचे धागे आहेत. १८७८ मध्ये रशियाला धाक दाखवण्यासाठी ब्रिटिश पंतप्रधान डिझरायलीने मुंबईहून सुमारे सात हजार हिंदी सैनिक इथे आणले. पहिल्या महायुद्धात देवबंदचे मौलाना महमूद हसन आणि त्यांचे सहकारी इथे कैदेत होते. सुएझ कालव्याच्या वाटेने आलेल्या सिंधी व्यापाऱ्यांच्या पेढ्याही व्हॅलेटात आल्या आणि काही कुटुंबे आजही तिथे आहेत. आज भारतीय प्रवाशाला शेंगेन व्हिसा लागतो. गाड्या डाव्या बाजूने चालतात, प्लग ब्रिटिश पद्धतीचे तीन चौकोनी पायांचे आहेत, इंग्रजी ही माल्टीजबरोबरची राजभाषा आहे. बस स्वस्त पण उन्हाळ्यात भरलेली असते. एप्रिल-मे किंवा सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर हा काळ फिरायला उत्तम. जुलै-ऑगस्टमध्ये गेल्यास दुपारी खोलीतच राहावे आणि फेस्ता संध्याकाळी उरकावा.