दुसऱ्याच्या संसारात डोकावणारा मेंदू

११ फेब्रुवारी १९९२. ताजमहालासमोरच्या संगमरवरी बाकावर ब्रिटनची युवराज्ञी डायना एकटीच बसली होती आणि समोर छायाचित्रकारांची झुंबड उडाली होती. तिचा नवरा, युवराज चार्ल्स, त्या वेळी दौऱ्यातल्या दुसऱ्याच कार्यक्रमात अडकला होता. १९८० साली तो ताजमहाल पाहून गेला होता आणि पुढे कधीतरी बायकोला घेऊन येईन असं बोलला होता. ब्रिटिश पत्रकार ते विसरले नव्हते. दोन दिवसांनी जयपूरला पोलोचा सामना झाला. बक्षीस घेताना चार्ल्स तिचं चुंबन घ्यायला पुढे झुकला, नेमकी त्याच क्षणी तिने मान वळवली आणि त्याचे ओठ तिच्या कानामागे कुठेतरी टेकले. झालं! तेवढ्या दोन छायाचित्रांवरून अर्ध्या जगाने निदान करून टाकलं, की या दोघांचं काही खरं नाही.

निदान चुकलं नाही. त्याच वर्षी ९ डिसेंबरला पंतप्रधान जॉन मेजर यांनी हाउस ऑफ कॉमन्समध्ये उभं राहून दोघं विभक्त होत असल्याचं जाहीर केलं. पण ज्या जोडप्याशी आपला काडीचाही संबंध नाही, त्यातल्या बाईची मान किती अंशांनी वळली यावर माणसं तासन्‌तास बोलतात, ते का? ‘लोकांना दुसरे उद्योग नाहीत’ असं म्हणून हा प्रश्न झटकता येतो. मात्र आकडे पाहिले की तसं झटकणं अवघड होतं. २९ जुलै १९८१ ला झालेलं या दोघांचं लग्न जगभरात सुमारे ७५ कोटी लोकांनी टीव्हीवर पाहिलं, असा अंदाज आहे. २० नोव्हेंबर १९९५ ला डायनाने बीबीसीच्या मुलाखतीत, चार्ल्सची प्रेयसी कॅमिला हिच्याकडे बोट दाखवत, ‘या लग्नात आम्ही तिघं होतो, त्यामुळे जरा गर्दीच झाली’ असं सांगितलं, तेव्हा एकट्या ब्रिटनमध्ये जवळपास २ कोटी ३० लाख लोक टीव्हीसमोर बसलेले होते. कार्यक्रम संपताच तिथल्या विजेच्या जाळ्यावरची मागणी एकदम १,००० मेगावॉटने वाढली, म्हणजे आपल्या कोयना प्रकल्पाच्या सगळ्या टप्प्यांची मिळून जी क्षमता आहे तिच्या निम्म्याहून थोडी जास्तच. अख्खा देश एकाच वेळी उठून चहाचं आधण ठेवतो तेव्हा असं होतं.

मोठ्यांकडे टक लावून बघण्याची खोड एकट्या माणसाची नाही. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात २००५ साली रॉबर्ट डीनर, अमित खेरा आणि मायकेल प्लॅट यांनी ऱ्हीसस माकडांवर एक मजेदार प्रयोग केला. तहानलेल्या नर माकडासमोर दोन पर्याय असत. एकीकडे पाहिलं तर फळांचा रस मिळे, दुसरीकडे पाहिलं तर रस थोडा कमी-जास्त, पण सोबत कळपातल्या एखाद्याचं चित्र. वरचढ नरांचे चेहरे पाहायला मिळावेत म्हणून माकडं रसावर पाणी सोडायला तयार होती. माद्यांच्या पार्श्वभागाची चित्रं पाहण्यासाठीही. उलट खालच्या दर्जाच्या नराकडे बघायला लावायचं तर त्यांना जादा रसाची लाच द्यावी लागे. कळपात कोण वर आहे आणि कोणाचं कोणाशी जमतं ही माहिती त्यांच्या लेखी पैसे मोजून घेण्यासारखी होती.

माणसांमध्ये हे काम बरंचसं बोलण्यातून होतं. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रिव्हरसाइड केंद्रातल्या संशोधकांनी २०१९ साली ४६७ जणांच्या दिवसभरातल्या बोलण्याचे ध्वनिमुद्रित तुकडे तपासले. हजर नसलेल्या माणसाबद्दल बोलण्यात सरासरी ५२ मिनिटं जात होती. त्यातलं तीन-चतुर्थांश बोलणं ना चांगलं ना वाईट, निव्वळ खबरबात होतं. आणि विषय बहुतेक वेळा ओळखीतलाच माणूस. नटनट्यांचा नंबर खूप मागे. तेव्हा गॉसिप म्हणजे कुचाळक्याच, ही समजूत आधी बाजूला ठेवायला हवी.

पण इतक्या बातम्यांमधून लक्षात काय राहतं? २००६ साली अ‍ॅलेक्स मेसूदी, अँड्र्यू व्हाइटन आणि रॉबिन डनबार यांनी ‘कानगोष्टी’चा आपला जुना खेळच प्रयोगशाळेत मांडला. पहिल्याने मजकूर वाचायचा आणि आठवून लिहायचा, ते लिहिलेलं दुसऱ्याने वाचायचं, अशी साखळी. एका मजकुरात नॅन्सी नावाची विद्यार्थिनी आपल्या विवाहित प्राध्यापकाच्या प्रेमात पडली होती. दुसऱ्यात ती पोहण्याच्या तलावाचा पत्ता विचारत होती. इतर मजकुरांत माणसामाणसांतला व्यवहार नव्हताच. साखळीच्या शेवटापर्यंत माणसांमधल्या व्यवहाराच्या गोष्टी जास्त आणि जास्त अचूक पोचल्या. गंमत अशी, की प्राध्यापकाचं प्रकरण पत्ता विचारण्याच्या साध्या प्रसंगापेक्षा फारसं सरस ठरलं नाही. कोण कोणाशी काय बोललं, एवढंच मेंदूला पुरेसं असतं. मसाला लागतो तो बातमी विकणाऱ्याला.

या क्षेत्रातले निष्कर्ष थोडे जपून घ्यावे लागतात. २०११ साली एक गाजलेला शोधनिबंध आला. ज्याच्याबद्दल वाईट ऐकलं आहे, असा चेहरा आपल्या डोळ्यांना अधिक काळ ‘दिसत’ राहतो, असा त्याचा दावा होता. एका डोळ्यासमोर चेहरा, दुसऱ्यासमोर घराचं चित्र ठेवलं की मेंदू आळीपाळीने एकच पाहतो, त्या युक्तीवर तो बेतलेला होता. २०१७ साली दुसऱ्या एका गटाने तीच तपासणी पुन्हा केली, तर तसा परिणाम हाती लागला नाही. पहिली बातमी सगळीकडे छापून आली, दुसरी फारशी कोणाच्या वाचनात आली नाही. मानवी उत्क्रांतीच्या नावाने सांगितल्या जाणाऱ्या कहाण्यांचंही तेच; रचायला सोप्या, तपासायला अवघड.

मग ही सगळी चटकदार बातम्या छापणाऱ्या टॅब्लॉइड वृत्तपत्रांची करणी का? तसंही नाही. १७९५ साली ब्रिटनच्या राजपुत्र जॉर्जने ब्रन्सविक या जर्मन संस्थानातल्या कॅरोलाइनशी लग्न केलं. नियोजित वधूला पहिल्यांदा पाहताच त्याने ब्रँडीचा पेला मागवला होता. दहा वर्षांपूर्वी त्याने मारिया फिट्सहर्बर्टशी गुपचूप लग्न उरकलेलं होतं, ते निराळंच. १८२० साली जॉर्ज राजा झाला. बायको राणी होऊ नये म्हणून त्याच्या सरकारने तिचा किताब काढून घेऊन लग्न मोडणारं विधेयक हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये आणलं. कारण काय, तर इटलीत असताना बार्तोलोमेओ पेर्गामी नावाच्या नोकराशी तिचे संबंध होते. साक्षीला तिचे इटालियन नोकर आणले. त्यांतला माजोकी उलटतपासणीत अडकला आणि प्रत्येक अडचणीच्या प्रश्नाला ‘नॉन मी रिकॉर्डो’, म्हणजे ‘मला आठवत नाही’, असं म्हणत सुटला. ते शब्द लंडनभर थट्टेचा विषय झाले. छापखान्यांच्या खिडक्यांत राजाची व्यंग्यचित्रं लटकली. राणीच्या बाजूने ८०० हून अधिक अर्ज आले, त्यांवर मिळून दहा लाखांच्या आसपास सह्या होत्या. विधेयक जेमतेम ९ मतांनी तरलं आणि १० नोव्हेंबरला सरकारने ते मागे घेतलं.

ज्यांना मतदानाचा हक्क नव्हता अशी माणसं, अगदी स्त्रियासुद्धा, राजाच्या लग्नाबद्दल लेखी मत देत होती. नवऱ्याने बाहेर काहीही करावं आणि बायकोने केलं तर तिची अब्रू चव्हाट्यावर मांडावी, हा न्याय त्यांना मान्य नव्हता. स्वतःच्या घरातलं हे बोलणं चारचौघांत करता येत नाही, कॅरोलाइनबद्दल करता येतं. मला तरी या सगळ्या आकर्षणाचा गाभा इथेच दिसतो. पूर्वीच्या वाडीत प्रत्येकाच्या ओळखीची तीच माणसं असत. आज लोकलच्या डब्यात शेजारी बसलेल्या दोन बायकांच्या सामायिक ओळखीचं कोणीच नसतं. मग ती जागा राजघराणी आणि नटनट्या भरून काढतात. चूक कोणाची, मुलांसाठी थांबायला हवं होतं का, सासूने मध्ये पडायचं का, हे वाद परक्यांच्या नावाने मिटवता येतात. किमान पेटवता तरी येतात.

इथे असूयेचाही हात असतो. हिदेहिको ताकाहाशी आणि सहकाऱ्यांनी २००९ साली १९ जणांचे मेंदू स्कॅनरखाली तपासले. काल्पनिक गोष्टीतल्या वरचढ पात्राबद्दल वाचताना ज्यांच्या मेंदूतला वेदनेशी जोडला गेलेला एक भाग जास्त उजळला, त्यांनाच त्या पात्राची फजिती झाल्यावर बक्षिसासारखा आनंद जास्त झाला. अट एकच, तुलना आपल्याला महत्त्वाच्या वाटणाऱ्या क्षेत्रात हवी. माणसं १९ च होती, तेव्हा फार ताणू नये. पण विचार करा, मुकुटासाठी आपली राजपुत्राशी स्पर्धा कधीच नसते. संसार मात्र सगळ्यांनी केलेला असतो किंवा करून सोडलेला असतो. तेवढ्या एका मैदानात राणी आपल्या बरोबरीला येते.

सगळ्यांनाच आनंद होतो असं मात्र नाही. टीव्ही आणि रेडिओवरच्या माणसांशी प्रेक्षकांचं जे एकतर्फी नातं जुळतं, त्याचं वर्णन डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल यांनी १९५६ सालीच करून ठेवलं होतं. ते नातं एकतर्फी असलं तरी लुटुपुटीचं नसतं. ३१ ऑगस्ट १९९७ ला डायना गेली. तिच्या अंत्यसंस्कारानंतरच्या महिन्यात इंग्लंड आणि वेल्समधल्या आत्महत्या सुमारे १७ टक्क्यांनी वाढल्या. २५ ते ४४ वर्षांच्या, म्हणजे साधारण तिच्या वयाच्या स्त्रियांमध्ये ही वाढ ४५ टक्के होती. याची दुसरी बाजूही आहे. डायनाला बुलिमिया होता, म्हणजे भरमसाट खायचं आणि मग उलटी काढायची, असा आजार. तो १९९२ पासून जगजाहीर झाला आणि १९९५ च्या मुलाखतीत ती स्वतः त्याबद्दल बोलली. ब्रिटनमधल्या दवाखान्यांच्या नोंदी पाहिल्या तर बुलिमियाचे नवे रुग्ण १९९६ पर्यंत वाढत गेले आणि मग कमी होऊ लागले. आजार वाढला असण्यापेक्षा तो लपवणाऱ्या मुली डॉक्टरकडे यायला धजावल्या असाव्यात, असं संशोधकांनी सुचवलं. खात्रीने सांगता येत नाही, पण दुसऱ्याच्या बिघडलेल्या संसारातून कोणी काही शिकतं, याचा इतका ठसठशीत नमुना क्वचितच सापडेल.

बिघाड होतो तो आपल्या कुतूहलात नव्हे, माहिती जिथून येते तिथे. तीच मुलाखत घ्या. २०२१ साली निवृत्त न्यायमूर्ती लॉर्ड डायसन यांच्या चौकशीत सिद्ध झालं, की मार्टिन बशीर या पत्रकाराने डायनापर्यंत पोचण्यासाठी तिच्या भावाला बनावट बँक कागदपत्रं दाखवली होती. याचा पुरता उलगडा व्हायला २५ वर्षं लागली. शेजारणीबद्दल कोणी थाप मारली तर चार दिवसांत ती उघडी पडते आणि थाप मारणाऱ्यावर पुढे कोणी विश्वास ठेवत नाही. दूरच्या माणसाबद्दलच्या बातमीला ही चाळणी नसते.

२०२४ च्या जानेवारीत डायनाची सून केट हिच्या पोटावर शस्त्रक्रिया झाल्याचं राजवाड्याने कळवलं आणि मग ती दिसेनाशी झाली. १० मार्चला आलेल्या छायाचित्रात फेरफार असल्याचं लक्षात येताच मोठ्या वृत्तसंस्थांनी ते मागे घेतलं. आजारपण हे उत्तर राजवाड्याने आधीच देऊन ठेवलं होतं. तरीही समाजमाध्यमांवर धावलं ते नवऱ्याच्या दुसरीकडे असलेल्या संबंधांचं आणि मोडत चाललेल्या लग्नाचं कथानक. २२ मार्चला केटने व्हिडिओतून आपल्याला कर्करोग असल्याचं सांगितलं. काहींनी जाहीर माफी मागितली. अफवांच्या त्या व्हिडिओंना मिळायचे ते प्रेक्षक आणि जाहिरातींचे पैसे तोवर मिळून गेले होते.