त्रिमूल तंत्रिका

त्रिमूल तंत्रिका : मेंदूतून थेट निघणाऱ्या तंत्रिकांच्या बारा जोड्यांपैकी पाचवी आणि सर्वांत जाड जोडी. डॉक्टर हिला ट्रायजेमिनल किंवा नुसते ‘फिफ्थ नर्व्ह’ म्हणतात. बेळगाव, खानापूर, निपाणीकडचा रुग्ण ‘गालाची नस’ किंवा ‘दाढेची शीर’ म्हणून तिच्याबद्दल बोलतो. चेहरा, डोळ्याचा पुढचा भाग, नाकाची पोकळी, दात, हिरड्या आणि जिभेचा पुढचा दोन-तृतीयांश भाग यांची संवेदना ती मेंदूकडे नेते आणि चावण्याचे स्नायू हलवते. गर्भात जबडा ज्या पहिल्या कल्लाकमानीपासून (गर्भाच्या गळ्याशी दिसणाऱ्या कमानीसारख्या वळीपासून) तयार होतो, त्या कमानीची ही तंत्रिका आहे. त्यामुळे जबड्याशी नाते असलेले जवळपास सगळे स्नायू तिच्या वाट्याला आले आहेत.

मेंदूच्या देठाच्या मधल्या फुगीर भागातून, म्हणजे पॉन्सच्या बाजूने, ती दोन मुळांनी बाहेर पडते. जाड मूळ संवेदनेचे, त्याला चिकटून निघणारे बारीक मूळ स्नायूंचे. कानाच्या हाडाच्या आतल्या टोकावर मेंदूच्या जाड आवरणाची एक पिशवी आहे. तिच्यात जाड मूळ पसरते आणि अर्धचंद्राकृती गुच्छिका, म्हणजे तंत्रिकापेशींचा पुंजका, तयार होते. या पिशवीचे वर्णन थोरले योहान फ्रीडरिख मेकेल यांनी १७४८ मध्ये केले, म्हणून ती मेकेलची गुहा. गुच्छिकेला व्हिएन्नाचे शारीरशास्त्रज्ञ गासर यांचे नाव आहे, पण ते त्यांनी स्वतः दिलेले नाही. त्यांचे शिष्य हिर्श यांनी १७६५ मध्ये गुरूंच्या नावाने ते रूढ केले. स्नायूंचे बारीक मूळ या गुच्छिकेत न थांबता तिच्या खालून निघून जाते आणि फक्त तिसऱ्या शाखेला मिळते. म्हणून पहिल्या दोन शाखा निव्वळ संवेदनेच्या, तिसरी मिश्र.

तीन शाखा. पहिली, नेत्रशाखा, डोळ्याच्या खोबणीमागच्या फटीतून पुढे येते. कपाळ, डोक्याचा टाळूपर्यंतचा भाग, वरची पापणी, नाकाचा कणा व शेंडा आणि डोळ्याची बाहुली झाकणारा पारदर्शक पडदा, म्हणजे कॉर्निया, तिच्या ताब्यात. दुसरी शाखा कवटीच्या तळातील गोल छिद्रातून निघून वरच्या जबड्याकडे जाते : खालची पापणी, गालाचा वरचा भाग, नाकपुडी, वरचा ओठ, टाळू, वरचे सगळे दात. तिसरी लंबगोल छिद्रातून सरळ खाली उतरते : खालचा जबडा, खालचे दात, खालचा ओठ, हनुवटी, जीभ आणि कानापुढून कानशिलापर्यंतचा पट्टा.

स्वतःच्या चेहऱ्यावर हे तपासता येते. भुवईच्या आतल्या अर्ध्यात हाडाच्या कडेला एक खाच लागते. डोळ्याखालच्या हाडाच्या कडेपासून साधारण एक सेंटिमीटर खाली दुसरी जागा. खालच्या जबड्यावर उपदाढांच्या मुळांखाली तिसरी. समोर पाहत असताना बाहुलीतून उभी रेघ ओढली तर तिन्ही ठिकाणे जवळपास तिच्यावर येतात. तीन शाखांचे फाटे तिथे हाडातून कातडीखाली येतात. नखाने दाबले तर बारीकशी कळ जाते. मात्र जबड्याचा कानाखालचा कोपरा या तंत्रिकेचा नाही. तो मानेतून वर येणाऱ्या तंत्रिकेचा आहे. एखादा रुग्ण ‘अर्धा चेहरा बधिर झाला’ म्हणतो आणि बधिरपणा जबड्याच्या कोपऱ्याच्या अलीकडे नेमका थांबतो किंवा त्यालाही कवेत घेतो, यावरून परीक्षक बरेच काही ओळखतो.

शवविच्छेदनात सर्वांत अवघड तिसरी शाखा. बेळगावच्या जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजात (स्थापना १९६३) काय किंवा अन्यत्र काय, गालाच्या हाडाची कमान करवतून, गालावरचा चावण्याचा मॅसेटर स्नायू खाली उलटून, जबड्याचे उभे हाड कापून काढल्याशिवाय ती नीट दिसत नाही. तिच्या दोन फाट्यांवर दंतवैद्यकाचा निम्मा संसार चालतो. एक जबड्याच्या हाडात आतून शिरतो, खालच्या दातांच्या रांगेखालून जातो आणि हनुवटीजवळ बाहेर येतो. दुसरा जिभेचा, तो अक्कलदाढेच्या अगदी शेजारून, हिरडीखालून जातो. वेडीवाकडी अक्कलदाढ काढताना जीभ किंवा ओठ बधिर होण्याचा धोका सांगून सही घेतात, त्यामागे या दोन तारांची जवळीक आहे.

चावणे. चिकोडी, अथणी, निपाणी हा उसाचा पट्टा. उसाचे कांडे दाढेखाली धरून साल ओढताना तळहात कानशिलावर ठेवला तर टेम्पोरॅलिस स्नायू फुगताना कळतो आणि जबड्याच्या कोपऱ्यावर मॅसेटर दगडासारखा घट्ट होतो. साल निघाल्यावर पेर चघळताना जबडा डावी-उजवीकडे फिरतो, ते काम आतल्या बाजूच्या टेरिगॉइड स्नायूंचे. चारही जोड्या तिसऱ्या शाखेच्या. शिवाय जिभेखालची पडदी उचलणारा एक, हनुवटीमागचा एक, टाळू ताणणारा एक आणि कानाच्या पडद्याला ताण देणारा एक चिमुकला स्नायूही तिच्याच हुकमतीत आहे. हा शेवटचा जबड्याच्या कुटुंबातला कसा, हा प्रश्न परीक्षेत हमखास येतो. उत्तर त्याच पहिल्या कल्लाकमानीत आहे.

एका बाजूचे स्नायू दुबळे झाले की तोंड उघडताना जबडा दुबळ्या बाजूकडे सरकतो, कारण निरोगी बाजूचा टेरिगॉइड त्याला पलीकडे ढकलतो. हनुवटीवर बोट ठेवून हातोडीने हलके ठोकल्यावर जबडा किंचित मिटतो. तो फार जोरात मिटला तर बिघाड पॉन्सच्या वरच्या बाजूला असावा असा अंदाज बांधतात.

इथे एक घोटाळा नेहमी होतो. तोंड वाकडे झाले, डोळा मिटेना, की लोक ‘चेहऱ्याची नस गेली’ म्हणतात. ती सातवी तंत्रिका, पाचवी नव्हे. हसणे, रडणे, फुंकणे, डोळा मिटणे हे सातवीचे काम. अशा माणसाला भाकरी चावता येते, गालावरचा स्पर्शही कळतो. फक्त गालाचा स्नायू लुळा पडल्याने भाताची शिते गालफडात साचतात आणि बोटाने काढावी लागतात. हा फरक वैद्यकालाही उशिरा कळला. १८२० च्या दशकात चार्ल्स बेल आणि हर्बर्ट मेयो यांनी दोन तंत्रिकांची कामे वेगळी करेपर्यंत चेहऱ्याच्या वेदनेवर उपाय म्हणून शल्यविशारद सातवी कापत असत. वेदना तशीच राही आणि तोंड मात्र कायमचे वाकडे होई.

मेंदूतील केंद्रके. संवेदनेची तीन केंद्रके (पेशींचे पुंजके) मेंदूच्या देठात एकाखाली एक लांबवर पसरलेली आहेत. मधले बारीक स्पर्शाचे. खालचे वेदना आणि ऊन-थंडीचे. ते मानेच्या वरच्या मणक्यांपर्यंत उतरते, आणि मानेचे दुखणे डोळ्यामागे किंवा कपाळात जाणवण्याचे एक कारण हेच. वरचे केंद्रक मात्र शरीरात एकमेव आहे. इतर सर्व संवेदी तंत्रिकांच्या पहिल्या पेशी मेंदूबाहेरच्या गुच्छिकांत असतात. या केंद्रकात त्या मेंदूच्या आतच आहेत. जबड्याचे स्नायू किती ताणले आणि दातावर किती भार पडला याची खबर तिथे येते. ज्वारीच्या भाकरीत दळताना राहिलेला खडा दाताखाली आला की ‘कच’ ऐकू यायच्या आत जबडा थांबलेला असतो. दाताच्या मुळाभोवतीच्या तंतूंनी खबर दिली, स्नायूंना थांबण्याचा हुकूम सुटला, आणि या सगळ्यात आपले मत कुणी विचारले नाही.

तिखटही हिच्याच खात्यात जमा होते. हुक्केरी तालुक्यातल्या संकेश्वरची मिरची जिभेवर भाजते ती चव नव्हे, वेदना आहे. पुढच्या जिभेची चव सातव्या तंत्रिकेचे तंतू नेतात. ते जिभेच्या फाट्यासोबत एकाच वाटेने जातात, पण मेंदूत वेगळ्या दारी उतरतात. मिरचीतले कॅप्सेसिन टीआरपीव्ही-१ नावाच्या ग्राहकाला, म्हणजे तंत्रिकेच्या टोकावरील संवेदना टिपणाऱ्या प्रथिनाला, चेतवते. हाच ग्राहक गरम चटका ओळखतो, म्हणून तोंड ‘भाजले’ असे वाटते. डेव्हिड ज्युलियस यांनी तो १९९७ मध्ये शोधला. त्या कामासाठी २०२१ च्या वैद्यकाच्या नोबेल पुरस्कारात त्यांचा वाटा होता. कांदा चिरताना येणारे पाणी आणि निपाणीच्या तंबाखू वखारीत शिरताच खकाण्याने येणाऱ्या शिंका यांचीही पहिली वर्दी डोळ्यातून व नाकातून त्रिमूलच देते. पाणी आणण्याचे काम पुढे सातवी करते.

दंतवैद्याची सुई. खालची दाढ बधिर करायची तर तिच्या हिरडीत सुई टोचून भागत नाही, कारण त्या भागातले हाड जाड असते. सुई जबड्याच्या उभ्या हाडाच्या आतल्या अंगाला, तंत्रिका हाडात शिरते त्या छिद्राजवळ न्यावी लागते. तंत्रिकेभोवती औषध सोडून पूर्ण भाग बधिर करण्याचा हा मार्ग विल्यम हॉलस्टेड यांनी १८८४ च्या सुमारास कोकेन वापरून दाखवला. आज लिग्नोकेन वापरतात. पाच-दहा मिनिटांत खालच्या ओठाचा अर्धा भाग ‘सुजल्यासारखा’ वाटू लागला की इंजेक्शन लागले असे समजावे. जिभेची कडही बधिर होते, कारण तिचा फाटा थोडा पुढेच असतो. हे इंजेक्शन पहिल्या प्रयत्नात न लागणे ही काही डॉक्टरांची नामुष्की नाही; माणसागणिक छिद्राची जागा वरखाली असते.

सीमाभागात या कामात एक वेगळी अडचण येते. विडीच्या तंबाखूसाठी निपाणीचा परिसर ओळखला जातो आणि तोंडात तंबाखूची चिमूट किंवा मिसरी हे इथे घरोघरचे दृश्य आहे. त्यात सुपारी आणि गुटख्याची भर पडली की गालाची आतली त्वचा आवळत जाते. निरोगी तोंडात स्वतःची तीन बोटे उभी मावतात. अशा माणसाच्या तोंडात एक बोटही कष्टाने जाते. मग सुई आतून नेता येत नाही आणि बाहेरून, गालातून वाट काढावी लागते. याहून गंभीर खूण म्हणजे दात न काढता, इंजेक्शन न घेता हनुवटीचा एक भाग आपोआप बधिर होणे. खालच्या जबड्याच्या हाडातील फाट्यावर गाठीचा दाब किंवा कर्करोगाचा शिरकाव असण्याची शक्यता असते. तंबाखू खाणाऱ्याने ‘कळ नाही म्हणजे काही नाही’ असे समजून ही खूण टाळणे सर्वांत महागात पडते. कर्करोग तंत्रिकेच्या आवरणातून रांगत कवटीच्या छिद्रापर्यंतही पोचू शकतो.

त्रिमूल शूल. या तंत्रिकेचा सर्वांत कुप्रसिद्ध आजार. निकोलास आंद्रे यांनी १७५६ मध्ये आणि जॉन फोदरगिल यांनी १७७३ मध्ये त्याचे वर्णन केले. वीज चमकावी तशी कळ गालात किंवा जबड्यात येते, क्षणभर ते फार तर दोन मिनिटे टिकते, जाते आणि पुन्हा येते. मधल्या वेळात माणूस ठणठणीत असतो. बहुधा पन्नाशीनंतर, बायकांत अधिक, उजव्या बाजूला अधिक, आणि दुसऱ्या-तिसऱ्या शाखेच्या टापूत. झटका येण्यास मोठे कारण लागत नाही. तोंड धुणे, दाढी करणे, घास चावणे, बोलणे पुरते. पावसाळ्यात जांबोटी-कणकुंबीकडून खानापूरला मोटरसायकलवर येणाऱ्याच्या गालाला लागलेला गार वाराही पुरतो. पावसाळा-हिवाळ्यात मफलरने अर्धा चेहरा गुंडाळून, गाल हाताने धरायलाही घाबरणारा रुग्ण दवाखान्यात आला की अर्धे निदान दारातच होते. दाढदुखीचा माणूस गाल दाबून धरतो. हा रुग्ण हात गालाजवळ नेतो आणि टेकवत नाही.

कळ दातांत जाणवते, म्हणून रुग्ण आधी दंतवैद्याकडे जातो. एक दाढ निघते, चार दिवस बरे वाटल्यासारखे होते, मग शेजारची निघते. चांगल्या दातांची अशी हानी आजही होते, आणि ती टाळण्यासाठी कुठलेही यंत्र लागत नाही. कळ किती सेकंद टिकते, गालाला हलका स्पर्श केल्यावर येते का, दातावर थाप मारल्यावर दुखते का आणि झोपेतून जाग येते का, एवढे विचारले तरी किडलेली दाढ आणि चेतलेली तंत्रिका बहुधा वेगळ्या करता येतात. किडलेली दाढ रात्रभर ठणकते, गरम चहाने उसळते. त्रिमूल शूल बहुधा झोपेत सुट्टी देतो.

कारण बहुतेकदा मेंदूच्या देठाजवळ सापडते. तिथे अनुमस्तिष्काची (लहान मेंदूची) वरची रोहिणी, म्हणजे शुद्ध रक्ताची वाहिनी, तंत्रिकेच्या मुळाला टेकून सतत धडकत राहते आणि तंतूंवरचे मायलिनचे आवरण झिजवते. ही जवळीक वॉल्टर डँडी यांच्या लक्षात १९३० च्या दशकात आली. पीटर जॅनेटा यांनी १९६७ पासून सूक्ष्मदर्शकाखाली रोहिणी बाजूला सारून मध्ये मऊ तुकडा ठेवण्याची शस्त्रक्रिया रूढ केली. तरुण माणसाला किंवा दोन्ही बाजूंना त्रास असेल तर मल्टिपल स्क्लेरोसिस (मेंदू व मज्जारज्जूतील मायलिन झिजवणारा आजार) किंवा गाठ शोधावी लागते, म्हणून एमआरआय. पहिला उपाय मात्र गोळीच : कार्बामाझेपिन, मुळात अपस्माराचे औषध. ती इतकी ठळक लागू पडते की लागू न पडल्यास निदानाचा फेरविचार करतात. चक्कर, झोप, रक्तातील सोडियम उतरणे, अंगावर चट्टे येणे हे तिचे दुष्परिणाम. चट्टे आले तर गोळी त्याच दिवशी थांबवून डॉक्टरांना गाठावे. आशियाई लोकांत एका विशिष्ट जनुकामुळे ही प्रतिक्रिया जिवावर बेतू शकते. गोळी पुरेनाशी झाली तर वरील शस्त्रक्रिया, किंवा ओठाच्या कोपऱ्याबाहेरून गालातून लंबगोल छिद्रापर्यंत सुई नेऊन गुच्छिका तापवणे, किंवा किरणोपचार. निपाणीकडचे लोक यासाठी कोल्हापूरला, अथणीकडचे मिरज-सांगलीला आणि खानापूरचे बेळगावला जातात.

नागीण आणि कुष्ठरोग. लहानपणीच्या कांजिण्यांचा विषाणू गुच्छिकेत दडून राहतो आणि म्हातारपणी एका शाखेच्या टापूत फोडांच्या रूपाने उठतो. कपाळावर मध्यरेषेपाशी कापल्यासारखे थांबलेले फोड म्हणजे नेत्रशाखेची नागीण. नाकाच्या शेंड्यावरही फोड दिसला तर डोळा धोक्यात आहे असे धरावे, कारण शेंडा आणि डोळा यांना एकाच फाट्याचे तंतू जातात. गेरूचा लेप लावून वाट पाहण्यात ७२ तास निघून जातात. विषाणूरोधक गोळीचा खरा उपयोग त्याच अवधीत होतो. कुष्ठरोगात पाचवी आणि सातवी दोन्ही सापडू शकतात. तेव्हा कॉर्नियाला कण लागल्याचे कळत नाही, कळले तरी डोळा मिटत नाही, आणि कापसाची वात हलकेच टेकवून पापणी मिटते का हे पाहणे ही दोन्ही तंत्रिकांची एकत्र परीक्षा ठरते.