गुडघ्यावर किती भार येतो ते काट्यावर कळत नाही

गुडघेदुखीचा विषय निघाला की कोणीतरी हमखास हिशोब मांडतं, वजन 70 किलो ना, मग एका पायावर 35, त्यात काय एवढं. हा हिशोब साफ चुकलेला आहे. सपाट रस्त्यावर साधं चालताना गुडघ्याच्या सांध्यात वजनाच्या दोन ते तीन पट दाब येतो, म्हणजे 70 किलोवाल्याला 140 ते 210 किलो, आणि तेही प्रत्येक पावलाला.

जमीन काही एवढं ढकलत नाही, तिचा जोर वजनाच्या सव्वा पटीच्या आतच असतो. बाकीचा येतो आपल्याच स्नायूंमुळे. सांधा म्हणजे शाळेतली तरफच, पण स्नायू सांध्याच्या मध्यापासून जेमतेम 4-5 सेंटीमीटरवरून ओढतो, म्हणून थोड्याशा टॉर्कसाठीही, म्हणजे सांधा फिरवणाऱ्या जोरासाठीही, त्याला बेदम ओढावं लागतं आणि ती ओढ हाडांना एकमेकांवर दाबते.

आता खरी मजा. कॅमेरे आणि जमिनीत बसवलेली, पावलाचा जोर मोजणारी फोर्स प्लेट वापरून एकूण टॉर्क न्यूटनच्या नियमांनी काढता येतो, पण कुठल्या स्नायूने किती दिला हे कसं कळणार? एका पायात 40 च्या आसपास स्नायू आणि समीकरणं मोजकी, त्यामुळे उत्तरं अगणित. मग अट घालायची, की ज्या वाटणीत 'खर्च' सगळ्यात कमी तीच शरीर निवडतं असं धरू. हेच ऑप्टिमायझेशन.

खर्च म्हणजे काय हे ठरवण्यातच सगळी गंमत आहे. समजा 40 न्यूटन-मीटर टॉर्क हवाय आणि सारख्याच जाडीचे दोन स्नायू आहेत, एकाची तरफ, म्हणजे सांध्याच्या मध्यापासूनचं अंतर, 4 सेंटीमीटर, दुसऱ्याची 3. बलांची नुसती बेरीज कमीत कमी करा म्हटलं तर पहिला एकटाच 1000 न्यूटन ओढतो आणि दुसरा बसून राहतो. पण बलांच्या वर्गांची बेरीज कमी करा म्हटलं की पहिला 640, दुसरा 480! एकूण ओढ वाढून 1120 झाली, पण कोणा एकाची दमछाक नाही, कारण वर्ग केल्यावर मोठा आकडा फार महाग पडतो. खरे स्नायूही काम असं वाटूनच घेतात. क्राउनिनशील्ड आणि ब्रँड या संशोधकांनी 1981 मध्ये वर्गाच्या जागी घन घेतला, तोही नुसत्या बलाचा नाही तर स्नायूच्या छेदाच्या दर चौरस सेंटीमीटरमागच्या बलाचा. त्यांचं म्हणणं, या वाटणीने स्नायू जास्त वेळ न थकता चालू शकतात.

हे सगळं कागदावरच राहिलं असतं, पण बर्लिनमध्ये संशोधक बर्गमान यांच्या टीमने सेन्सर बसवलेले कृत्रिम खुबे रुग्णांना घातले आणि आतला भार थेट मोजला. 2001 मध्ये छापलेले आकडे सांगतात, ताशी 4 किलोमीटरच्या चालीला खुब्यावर वजनाच्या सरासरी 2.4 पट भार. गणितवाल्यांना ताळा करायला इतकं चांगलं दुसरं काय मिळणार!

त्यामुळे बुटात घालायचा सोल गुडघ्यावरचा भार 'मोजतो' अशी जाहिरात दिसली तर ओळखा, तो फक्त तळपायाखालचा दाब मोजतोय, पुढचं सगळं अंदाजाचं गणित. चुंबकाच्या पट्ट्याबद्दल तर बोलायलाच नको, त्याने ना तरफ बदलते ना स्नायूची ओढ.

या ऑप्टिमायझेशनच्या पद्धतीची दुखरी नसही आहे. खर्च वाचवायचा म्हटल्यावर गणित त्याच सांध्याला उलट दिशेने ओढणाऱ्या स्नायूला बहुतेक वेळा गप्प बसवतं. पण गुडघा झिजलेला माणूस तोल जाईल म्हणून मांडीचे पुढचे-मागचे दोन्ही स्नायू एकदमच आवळून चालतो, मग खरा भार गणितापेक्षा जास्त निघतो. म्हणून आता बरेच जण त्वचेवर इलेक्ट्रोड लावून स्नायूंचे विजेचे सिग्नल घेतात आणि तेही गणितात घालतात.